द्रवरूप नायट्रोजनचा भाड्याचा कंटेनर: भांडे उत्तम, बूच झिजलेले

विज्ञानदिनाच्या प्रात्यक्षिकासाठी फोंड्यातील आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयाने यंदा एका वायूपुरवठादाराकडून १० लिटर द्रवरूप नायट्रोजन मागवला. सोबत भाड्याने आलेला कंटेनर दुहेरी भिंतींचा, गुरांच्या दवाखान्यात रेतमात्रा साठवण्यासाठी असतो तसाच होता. शुक्रवारी आलेला द्रव सोमवारी लाकडी पट्टी बुडवून मोजला असता, पट्टीवर धरलेल्या पांढऱ्या हिमावरून तो जेमतेम लिटरभरच उडाल्याचे दिसले. उणे १९६ अंशांवर उकळणारा द्रव गोव्याच्या उकाड्यात तीन दिवस टिकतो तो भिंतींमधल्या निर्वातामुळे, आणि ती युक्ती ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये काढली. भांड्याला म्हणूनच पूर्ण गुण.

तक्रार आहे ती बुचाची. ते झिजलेले असल्याने आपल्याकडची दमट हवा मानेत शिरून तिथे बर्फाचे कडे धरले आणि बूच हलेना. त्यावर फोनवरून मिळालेला सल्ला, ‘पुन्हा गच्च दाबून बसवा’, हा तर धोक्याचाच होता, कारण १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि त्याला वाट मोकळी असावीच लागते. नको ते गोठून वाट अडण्याचा हा त्रास ड्यूअर यांनाही चुकला नाही: ते हेलियम द्रवरूप करू पाहत होते, पण त्यात निऑन वायू मिसळलेला असे, तो गोठून झडपा तुंबत, आणि तो मान १९०८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या कामरलिंग ऑनेस यांना मिळाला. डोळ्यांचे गॉगलही आम्हालाच आणावे लागले; १८२३ मध्ये बंद काचनळीत वायू द्रवरूप करताना नळी फुटून फॅरडे यांच्या डोळ्यांत काचा गेल्या होत्या, हे पुरवठादाराला कोणी तरी सांगायला हवे.

प्रात्यक्षिक मात्र रंगले. शीतपेयाच्या रिकाम्या डब्यात नायट्रोजन ओतल्यावर डब्याच्या बाहेरून थेंब ठिबकू लागले. ते पाण्याचे नव्हते, हवेतलाच ऑक्सिजन द्रवरूप होऊन गळत होता, आणि विझत आलेली उदबत्ती जवळ नेताच ती लखलखली. फ्रान्सच्या कॅलेते यांना १८७७ मध्ये याच ऑक्सिजनचे क्षणभराचे धुकेच काय ते दिसले. भांड्यात शांतपणे उकळणारा ऑक्सिजन पाहायला १८८३ उजाडले, तेही आजच्या पोलंडमधल्या क्राकोला.

द्रवापेक्षा भाडे आणि वाहतूकच महाग पडते, तेव्हा दोन-तीन विद्यालयांनी मिळून मागवणे परवडेल. ताबा घेण्यापूर्वी बूच काढून, घालून पाहावे, आणि ते झिजलेले असेल तर कंटेनर तिथेच बदलून मागावा.