गाळ्यात हायड्रोजन बनवायचा, तर अल्कलाइन की पीईएम?

भांडुपला गाळा आहे, आत स्टेनलेस स्टीलच्या ब्राइट ॲनीलिंगची, म्हणजे हायड्रोजनमध्ये तापवून चमक न घालवता पत्रा मऊ करायची भट्टी आहे आणि हायड्रोजन सिलिंडरने येतो. ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये वायू असतो जेमतेम ६०० ग्रॅम. आपण हलवतो ते सगळं लोखंडच. पाण्यापासून वायू जागेवर बनवायचा झाला, तर निवड अल्कलाइन आणि पीईएम या दोन यंत्रांतून करायची. दोन्ही विजेने पाणी फोडतात.

अल्कलाइन हे जुनं, मुरलेलं तंत्र. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं २५ ते ३० टक्के द्रावण, निकेलचे इलेक्ट्रोड, ६० ते ८० अंश तापमान. ऋण बाजूला पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. उरलेले हायड्रॉक्साइड आयन सच्छिद्र पडद्यातून धन बाजूला जातात आणि तिथे ऑक्सिजन बनतो. १९६० च्या दशकात नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या विजेवर हायड्रोजन निघायचा, तो पाण्याच्या विद्युत विघटनानेच.

पीईएममध्ये (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन) द्रावणाऐवजी घन पडदा असतो आणि त्यातून प्रोटॉन जातात. आतलं वातावरण आम्लधर्मी, म्हणून निकेल चालत नाही. इरिडियम, प्लॅटिनम, टायटॅनियम लागतं. इरिडियम जगभरात वर्षाला दहा टनही निघत नाही. महागाईचं मूळ तिथे आहे.

वीज दोन्हीकडे साधारण सारखीच: घनमीटरमागे ५ युनिट. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे सिलिंडरभर वायूला २८० रुपये, नुसत्या विजेचे.

खरा फरक यंत्र कसं चालवणार यात आहे. अल्कलाइन फार कमी भारावर चालवलं की पडद्यातून झिरपलेला हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये साठत जातो, आणि ४ टक्क्यांना मिश्रण स्फोटक होतं. म्हणून भार पूर्ण क्षमतेच्या २०-३० टक्क्यांखाली नेत नाहीत. शिवाय यंत्र बंद करताना उलटा प्रवाह वाहून इलेक्ट्रोड झिजतात. छतावरच्या सोलरची वीज सतत वर-खाली होते आणि पीईएम तिच्यासोबत झटपट जुळवून घेतं, म्हणून सोलरवर थेट चालवायचं असेल तर पीईएमच घ्या. पण मुंबईची वीज स्थिर, भट्टी तीन पाळ्या पेटलेली. अशा ठिकाणी पीईएमच्या चपळाईचे पैसे का मोजायचे? मी अल्कलाइन घेईन.

एक अडचण मात्र मोठी आहे: जागा. तेवढ्याच वायूसाठी अल्कलाइन जास्त जागा खातं, आणि ते द्रावण कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर दृष्टीही जाऊ शकते. वरच्या मजल्यावरचा अरुंद गाळा असेल, डोळे धुवायचा नळ बसवायलाही कोपरा नसेल, तर माझं मत बदलतं.

कोटेशनमध्ये डीऑक्सो (हायड्रोजनमधला उरलेला ऑक्सिजन काढणारा भाग) आणि ड्रायर (ओलावा काढणारा) धरलेत का, ते आधी विचारा. ओलसर वायूने पत्रा काळा पडतो, मग यंत्र कुठलंही असो. आणि छताला अगदी वरच्या टोकाला झरोका ठेवा. हायड्रोजन तिथेच जाऊन साठतो.