३० मिमीची रिंग टाकली आणि वेताळ टेकडीवर सायकल सरळ चालायला लागली

डब्ल्यूटीबी कंपनीच्या एसटी आय ३० रिंगा (टायर ज्यावर बसतो ती कडी, आतून ३० मिमी रुंद) दोन्ही चाकांना टाकून आता साडेचार महिने झालेत, मधे पावसाळ्याचा चिखलही बघून झालाय, म्हणून लिहितेय. माझी सायकल ट्वेंटीनाइनर हार्डटेल आहे (२९ इंची चाकं, शॉकअप फक्त पुढे), वजन माझं ६२ किलो, आठवड्यातून तीनदा पुण्यातली वेताळ टेकडी, रविवारी कधी तळजाई नाहीतर खडकवासला-डोणजे बाजू. हे आधी सांगते कारण रिंग किती रुंद घ्यायची याचं उत्तर यावरच ठरतं, दुसऱ्याचं बघून घेतली की पैसे जातात.

माझे गेलेत. सायकलबरोबर आलेली रिंग आतून १९ मिमीची होती. मला उतारावर ग्रिप कमी वाटायची म्हणून शहरातल्या एका दुकानात गेले, त्यांनी २.४ इंची टायर काढून दिला, म्हणाले "बसतो ताई, काही होत नाही." बसला. पण २.४ इंच म्हणजे ६१ मिमी, एवढा जाड टायर १९ च्या रिंगवर बसवला की त्याचा आकार बल्बसारखा होतो, वर फुगलेला आणि खाली मान बारीक. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. खाणीकडून गोखलेनगरच्या बाजूला उतरताना जो सुटा मुरूम आहे ना, तिथं वळण घेतलं की रिंग एकीकडे आणि टायर दुसरीकडे जातोय असं हातात जाणवायचं. मग मी हवा वाढवली, ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) केली, तर डोलणं थांबलं पण टायर दगडावरून चेंडूसारखा उडायला लागला. हवा कमी करून २४ ला आणली तर दुसऱ्याच दिवशी स्नेकबाइट, ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, आणि पंचवटीपर्यंत सायकल हातात धरून चालत. दीड महिना मी टायरलाच शिव्या देत होते, दोष टायरचा नव्हताच.

कोथरूडमधल्या आमच्या मेकॅनिक काकांनी चाक काढलं, टायर उतरवला आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून दाखवलं. रिंगचं माप बाहेरून घ्यायचं नाही, आतून घ्यायचं, टायरची कड जिथं अडकते त्या दोन ओठांच्या मधलं अंतर. माझी बाहेरून २४ भरत होती आणि मी खुशाल तोच आकडा सगळ्यांना सांगत होते. बऱ्याच रिंगवर स्टिकर असतो किंवा कोरलेलं असतं, ६२२ आणि पुढे १९ वगैरे, त्यातला ६२२ म्हणजे टायर बसतो तिथला व्यास (ट्वेंटीनाइन आणि ७०० सी दोन्हीचा हाच, साडेसत्तावीसचा ५८४, सव्वीसचा ५५९) आणि छोटा आकडा म्हणजे आतली रुंदी. टायरवर उलटं, ५७-६२२ असं, ५७ म्हणजे टायरची जाडी. डब्ल्यूटीबीचं मला आवडतं ते हेच की ही कॅलिफोर्नियातली १९८२ पासूनची कंपनी आहे आणि रिंगच्या नावातच आतली रुंदी सांगते, आय २५, आय ३०, आय ३५, दुकानदाराला विचारायची गरज नाही.

मग प्रश्न २५, ३० का ३५. माझ्यासाठी काका आधी २५ च म्हणाले होते. २.१ ते २.२५ टायर आणि बहुतेक डांबरी रस्ता असेल, म्हणजे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत असं असेल, तर २५ मलाही बरोबर वाटते, चाक हलकं राहतं आणि घाट चढताना ते पायाला कळतं. पण माझं निम्म्याहून जास्त चालवणं टेकडीवर, टायर २.२५ ते २.४, म्हणून ३०. ३५ चा मोह मलाही झाला होता. एका मैत्रिणीच्या सायकलला आहे, तिचा टायर २.२५ चा, आणि त्या रुंदीवर तो इतका चपटा होतो की कडेची बटणं (टायरवरचे रबरी उंचवटे) सरळ चालतानाही जमिनीला लागतात, वळताना मग टेकायला वेगळं काही उरतच नाही, गाडी थोडी वाकते थोडी वाकते आणि एकदम सुटते. शिवाय टायरची भिंत बाहेर येते, आणि आपल्याकडचा काळा दगड फुटला की त्याला सुरीसारखी धार असते, तिच्या टायरला बाजूने चीर गेली ती अशीच. ३५ घ्यायची तर टायर २.६ च्या पुढचा हवा आणि तेवढी जागा फ्रेममध्ये हवी. मॅक्सिस कंपनीच्या टायरवर डब्ल्यूटी लिहिलेलं असेल तर तो टायर ३० ते ३५ च्या रिंगसाठीच केलेला असतो, ते बघून घ्या.

आता फरक किती पडला. माझा जुना २.२५ टायर, तोच, १९ वर ५४ मिमी भरत होता, ३० वर बसवून रात्रभर ठेवला आणि सकाळी मोजला तर ५८ भरला. चार मिमी ऐकायला काहीच नाही पण टायरच्या भिंती आता उभ्या राहतात, मान गेली. ट्यूबलेस केलंय, म्हणजे आत ट्यूबच नाही, पुढे २० आणि मागे २३ पीएसआय, टायर मुरुमावर बसतो आणि डोलत नाही. पहिल्या दिवशी त्याच उतारावर मी तीनदा वर जाऊन परत खाली आले, सकाळी पावणेसहाला, चालणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत (टेकडीवर माणसं दिसली की वेग कमी करा, अगदी थांबा, ती वाट आधी त्यांची आहे). जिथं मी पाय खाली टाकायचे तिथं ब्रेकवरचं एक बोट आपोआप सुटलं.

तोटा आहे. रुंद रिंग जड असते, चढावर सुरुवातीचे दोन आठवडे मला चाक ओढल्यासारखं वाटायचं. आणि हवा कमी ठेवायची सवय लागते तसा मागच्या रिंगला दगडाचा मार बसतो, एकदा काकांकडे आऊट काढायला (वाकडी फिरणारी रिंग सरळ करायला) नेली, थोडक्यात निभावलं. मागे आता २३ च्या खाली जात नाही.

बदलायच्या आधी दोन गोष्टी बघाच. एक, डिस्क ब्रेक आहेत का, व्ही ब्रेक (रिंगलाच दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे) असतील तर एवढी रुंद रिंग पॅडच्या मधे बसणंच मुश्किल. दुसरं, मागच्या चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) टायरच्या दोन्ही बाजूंना जागा किती उरते. टायर फुगणार हे धरून मोजा, माझ्याकडे एका बाजूला ७ मिमी उरले, उन्हाळ्यात चाललं असतं त्याहून कमीही, पण जुलैत टेकडीची ती लाल माती टायरला चिकटून थर बसतो आणि मग फ्रेम घासते, रंग गेलेल्या सायकली बघितल्यात मी. हब (चाकाचा मधला भाग) जुनेच ठेवले, स्पोक मात्र नवीन लागले कारण रिंग बदलली की लांबी बदलते, जुने स्पोक वापरा म्हणून काकांच्या मागे लागू नका. दोन्ही चाकं बांधायची मजुरी १२०० घेतली, दोन दिवस लागले, आणि महिन्याभराने ताण तपासायला परत बोलावलं तेव्हा पैसे घेतले नाहीत.

बजेट एकाच चाकाचं असेल तर पुढचं आधी करा. मी दोन्ही एकदम केली, पण मधे मागच्या चाकाच्या दुरुस्तीच्या वेळी चार दिवस मागे दुसरं एक १९ चं चाक लावून फिरले, मागे थोडं घसरलं तरी सावरता येतं, पुढचं धरून राहिलं की बास.