घडीचा लाइटबॉक्स, दहा महिन्यांनंतर: डबा बहिणीकडे, पट्टी माझ्याकडे

मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये खेळण्यांचे फोटो काढायला तो ३० सेंटीमीटरवाला घडीचा लाइटबॉक्स, म्हणजे आत दिवे असलेला पांढरा डबा, घेतला होता, साधारण बाराशेला पडला. आता पोळा होऊन गेला म्हणजे धरा दहा महिने झाले. घेतल्या घेतल्या पाच स्टार ठोकून मोकळा झालो होतो, ते आता मागे घेतोय. डबा वाईट नाही, पण मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं हे कळायलाच चार महिने गेले.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. साठ-सत्तर हॉट व्हील्स, काही पुल-बॅक अॅम्बेसेडर आणि रिक्षा, आणि लहानपणीचे फनस्कूलचे जी. आय. जो सैनिक, त्यातल्या दोघांचे अंगठे गेलेत. हॉट व्हील्स १९६८ पासून निघतात आणि माप साधारण १:६४ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टावा भाग, गाडी बोटाएवढी, सात सेंटीमीटर. जी. आय. जो पावणेचार इंची. एवढ्या मालाला ३० सेंटीमीटरचा डबा पुरतो, पण बारा इंची फिगर उभी केली की डोकं दिव्याला लागतं. आतून मोजला तर तो २८ च भरतो हे आधीच सांगतो.

डबा म्हणजे काय तर सनपॅकसारखी पांढरी प्लॅस्टिकची शीट, घड्या घालून वेल्क्रोने जोडायची, वर एलईडीच्या दोन पट्ट्या, यूएसबीची वायर, वायरवर डिमर, आणि खेळण्यामागे लावायचे सहा रंगांचे पीव्हीसी पडदे. लॅपटॉपला लावला तर उजेड मरतुकडा पडतो, मोबाइलचा दोन अँपिअरचा चार्जर लागतोच. आमच्याकडे भुसावळला लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मी पॉवरबँकवर चालवायचो, दहा हजारवाली अडीच-तीन तास काढते.

पहिल्याच दिवशी वैताग आला. डिमर कमी केला की मोबाइलच्या स्क्रीनवर काळे आडवे पट्टे सरकायला लागले. मला वाटलं फोनच गेला. नंतर कळलं की हा डिमर उजेड कमी करतच नाही, दिवा भराभरा चालू-बंद करतो, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. उपाय सोपा, डिमर कायम फुल ठेवायचा आणि उजेड जास्त वाटला तर पट्टीवर बटरपेपर लावायचा. तेव्हापासून डिमरला हात लावलेला नाही. आणि खोलीतली ट्यूब बंद करा भो, नाहीतर गाडीची एक बाजू पांढरी आणि दुसरी हिरवट-पिवळी येते, मग कितीही एडिट करा, जमत नाही.

बटरपेपरचा दुसरा फायदा मोठा आहे. उघडी पट्टी ठेवली की गाडीच्या टपावर आणि काचेवर एलईडीचे ठिपके जसेच्या तसे उमटतात, मोजून बावीस ठिपके, दाण्यांची माळ लावल्यासारखे. बटरपेपर पट्टीला चिकटवायचा नाही, तीन-चार बोटं खाली ताणून लावायचा, मग ठिपके मिसळून एक मऊ पांढरी रेघ येते आणि बॉनेटचा उतार दिसायला लागतो. बेकरीवाल्याकडून एक शीट आणली, दहा महिने तीच चालू आहे.

पांढऱ्या पडद्यावर फोटो काढला की पडदा राखाडी येतो ही सगळ्यांचीच तक्रार असते आणि लोक डब्याला शिव्या देतात. डब्याचा दोष नाही. कॅमेऱ्याला सगळं मध्यम राखाडीच्या आसपास आणायची खोड असते, पांढरं दिसलं की तो अंधार करतो. स्क्रीनवर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह वर सरकवा, कॅमेऱ्यात आकडे असतील तर +०.७ ते +१, पडदा पांढरा होतो. काळ्या पडद्यावर काळी गाडी असेल तर उलटं, थोडं खाली. माझा जीव खाल्ला तो पांढऱ्या अॅम्बेसेडरने, पांढऱ्या डब्यात पांढरी गाडी, फोटोत नुसती चार चाकं आणि दोन दिवे दिसायचे. शेवटी दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळं कार्डशीट उभं केलं, त्याची काळी छाया गाडीच्या कडांवर उतरली आणि अंग दिसायला लागलं. क्रोमवर पण हेच, क्रोमला स्वतःचा रंग नसतो, समोर जे असेल ते तो दाखवतो. एका फोटोत बंपरवर माझी बनियन दिसतेय.

आता मुख्य तक्रार. या डब्यात कुठलंही खेळणं ठेवा, ते खेळणंच दिसतं. वरून उजेड, खालून पांढरं, सगळीकडून उजेड परतून येतो, सावली नावालाही नाही. जी. आय. जोच्या टोपीखाली मात्र तेवढी काळी, म्हणजे जिथे उजेड पाहिजे तिथेच नाही. चेहऱ्यासाठी खाली अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवून बघितला, डोळे उजळले पण माणूस कॅटलॉगमधलाच राहिला.

मग जानेवारीत एक हिशोब केला आणि तिथून सगळं फिरलं. माणसाची नजर जमिनीपासून धरा १६५ सेंटीमीटरवर. त्याला ६४ ने भागा, येतं अडीच सेंटीमीटर. म्हणजे हॉट व्हील्स खरी वाटायची असेल तर लेन्स जमिनीपासून दोन बोटांवर पाहिजे! आपण फोन हातात धरून वरून काढतो, ते म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावरच्या गाडीचा फोटो काढल्यासारखं. जी. आय. जोचं माप १:१८ धरलं तर नऊ सेंटीमीटर, सहा इंची फिगरला चौदा. फोनचा कॅमेरा वरच्या कोपऱ्यात असतो म्हणून फोन उलटा धरायचा, कॅमेरा खाली, मग तो खरोखर जमिनीला टेकतो. आणि इथेच डबा आडवा आला. त्याच्या पुढच्या बाजूला खाली तीन सेंटीमीटरची पट्टी आहे, मजबुतीसाठी असेल, ती बरोबर लेन्सच्या समोर येते. कटरने कापून टाकली, तेव्हापासून डबा जरा लुळा उभा राहतो.

जवळ जाऊ नका हे पण तेव्हाच कळलं. फोनची साधी लेन्स रुंद असते, चार बोटांवर गेलात की गाडीचं नाक बटाट्याएवढं आणि मागचं चाक शेंगदाण्याएवढं, शिवाय पुढचा दिवा शार्प आणि बाकी सगळं धूसर. हातभर मागे सरका, २एक्स किंवा ३एक्स लावा, नंतर कापा. फोकस गाडीला जवळच्या हेडलाइटवर, फिगरला डोळ्यांवर. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, बटण दाबताना हात हलतोच. ट्रायपॉड नसेल तर गव्हाची छोटी पिशवी, फोन तीत मस्त रुततो.

फेब्रुवारीत एलईडीची एक पट्टी गेली. विक्रेत्याला मेसेज केले, तो दर वेळी वायर काढून परत लावा सांगायचा, मग नादच सोडला. गल्लीतल्या मोबाइल रिपेरिंगवाल्याने पन्नास रुपयांत डाग लावून दिला. पण त्यासाठी पट्टी डब्यातून काढावी लागली आणि आणल्यावर परत लावायच्या आधी सहज हातात धरून गाडीवर फिरवली. एकदम दुसरीच गाडी! पट्टी जरा मागून, डावीकडून, वीतभर उंचीवर धरली की टपाची कड चमकते, पुढे लांब सावली पडते, आणि अंधाऱ्या बाजूला फुलस्केप कागद उभा केला की तिकडचं पण दिसतं. तेवढ्या एका सावलीने गाडीला वजन आलं. मी ती पट्टी परत डब्यात लावलीच नाही, शाळेच्या फूटपट्टीवर चिकटवली.

उन्हाळ्यात राहिलेल्या डब्याची परीक्षा झाली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, दुसऱ्या पट्टीचा गोंद पातळ झाला आणि ती दुपारी गाड्यांवर पडली, पीव्हीसी पडदे पापडासारखे वळले. पडदे कधी घडी करून ठेवू नका, नळी करून ठेवा, घडीची रेघ फोटोतून जात नाही. एक पीव्हीसी फिगर गच्चीवर विसरलो, संध्याकाळी तिचा पाय वाकलेला, ती मात्र वाचली, गरम पाण्यात बुडवली, पाय सरळ केला आणि लगेच गार पाण्यात धरला.

पण त्याच उन्हात सगळ्यात भारी फोटो निघाले. मे महिन्यात आपली काळी माती तडकते ना, त्या भेगेच्या काठावर बोटाएवढी जीप ठेवा, दरीच दिसते. सकाळी सातच्या आत, ऊन तिरपं असताना. अंथरायला मात्र तीच माती आणून चाळायची, कारण आपल्याला बारीक वाटणारा खडा १:६४ च्या गाडीशेजारी धोंडा दिसतो. मी मैद्याच्या चाळणीने चाळली, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. आजी ओसरीवरून बघत होती, म्हणे, "आते या वयम्हा खेयनास्ना फोटो काढी ऱ्हायना का रे भो?" पावसाचा फोटो अजून जमला नाहीये, पाण्याचा थेंब काही लहान होत नाही, बॉनेटवर तो टरबुजाएवढा दिसतो. स्प्रेची सगळ्यात बारीक फवारणी पण जाड पडते.

धुळीसाठी मेकअपचा मऊ ब्रश घ्या, फडका नको, फडक्याचे तंतू धुळीपेक्षा वाईट दिसतात. फिगर उभी राहत नसेल तर टाचेखाली डबल टेपचा तुकडा, मुलांची रंगीत क्ले तेल सोडते, माझ्या एका पडद्यावर डाग आहे.

पोळ्याला भाच्याचे मातीचे बैल काढले. आधी डब्यात ठेवून बघितले, सपाट, बिस्किटासारखे. मग पट्टी जवळजवळ ओट्याला टेकवून बाजूने लावली, तर वशिंडावर बनवणाऱ्याच्या अंगठ्याची रेघ दिसली, शिंगाचा रंग कुठे ओघळला ते पण दिसलं. भाचा म्हणे, मामा, हा माझा नाहीये.

डबा वाया गेला नाही. बहीण राख्या आणि कानातले व्हॉट्सअॅपवर विकते, तिला सावली नकोच असते, गिऱ्हाईकाला माल स्वच्छ दिसला म्हणजे झालं. जुनी खेळणी विकायला फोटो काढणार असाल तर तुम्ही पण हाच घ्या, ओरखडे प्रामाणिक दिसतात. तिला देऊन टाकला, वेल्क्रो आता सैल झालाय पण चालतंय. फक्त एकाच पट्टीवर भागत नाही म्हणून ती माझ्याकडची मागते आहे, तर यूएसबीवाली सुटी पट्टी कुठे मिळत असेल तर सांगा, तीस सेंटीमीटरची, डिमर नसला तरी चालेल.