व्हॅम्पायर हंटर डी : १९८५चा पाहावा की २०००चा?

‘व्हॅम्पायर हंटर डी’ या शिकाऱ्यावर हे दोन जपानी अ‍ॅनिमेशनपट आहेत. दोन्ही पाहायला वेळ असेल तर प्रश्नच मिटला. पण एकाच चित्रपटापुरती सवड असेल, तर मी २०००चा ‘ब्लडलस्ट’ लावायला सांगेन. जुना मात्र मोडीत काढण्यासारखा मुळीच नाही.

दोन्हींचं मूळ हिदेयुकी किकुची यांच्या कादंबरीमालिकेत आहे. तिचं पहिलं पुस्तक १९८३मध्ये आलं, चित्रं योशिताका आमानो यांची. काळ इसवी सन १२०९०. अणुयुद्धानंतर हजारो वर्षं माणसांवर राज्य केलेल्या व्हॅम्पायर उमरावांना आता उतरती कळा लागली आहे. डी हा अर्धा माणूस, अर्धा व्हॅम्पायर. मोबदला घेऊन व्हॅम्पायरांची शिकार करतो. त्याच्या डाव्या तळहातात एक बोलका चेहरा राहतो, जो डीला सतत टोचून बोलतो आणि ऐन वेळी वाचवतोही. दोन्ही कथा स्वतंत्र आहेत, कोणतीही आधी पाहिली तरी काही अडत नाही.

१९८५चा चित्रपट तोयो आशिदा यांनी पहिल्या कादंबरीवरून केला. लांबी जेमतेम ८० मिनिटं. काउंट मॅग्नस ली डोरिस नावाच्या शेतकरी मुलीला चावतो आणि तिच्याशी लग्न लावायला निघतो. ती डीला कामावर ठेवते. यात मला सर्वांत भिडतं ते गाव. चावा घेतला गेल्याचं कळताच गावकरी तिला वाळीत टाकतात, आणि महापौराचा मुलगा तिच्या अडचणीचा फायदा घ्यायला टपलेला असतो. काउंटपेक्षा या माणसांचीच भीती जास्त वाटते. तेत्सुया कोमुरो यांच्या सिंथेसायझरच्या सुरांनी वातावरणही छान जमतं. पण चित्रण काटकसरीचं आहे, हे दिसत राहतं. काउंट निव्वळ दुष्ट, त्यामुळे डी जिंकावा की हरावा याबद्दल मनात चलबिचल होत नाही. शिवाय कॅमेरा डोरिसच्या शरीरावर ज्या तऱ्हेने रेंगाळतो, ते आज खटकतं.

‘ब्लडलस्ट’मध्ये नेमकी ही चलबिचल आहे. मॅडहाउस स्टुडिओसाठी योशिआकी कावाजिरी यांनी तिसऱ्या कादंबरीवरून तो केला. मायर लिंक हा उमराव शार्लटला पळवून नेतो. बाप डीला सांगतो, तिला परत आण. ती व्हॅम्पायर झाली असेल तर मारून टाक. त्याच कामगिरीवर मार्कस भावंडांची टोळीही निघालेली. थोडं अंतर कापल्यावर कळतं की शार्लट स्वखुशीने गेली आहे. मग हा पाठलाग सोडवणुकीचा की दोन प्रेमिकांच्या मागे लागलेला ससेमिरा? चित्रपट याचं उत्तर देण्याची घाई करत नाही आणि डीसुद्धा फारसा बोलत नाही, म्हणूनच त्याच्या प्रत्येक थांबण्याकडे लक्ष जातं.

एक प्रसंग तर या पूर्ण मालिकेचं मर्म सांगतो. डी एका गावात घोडा विकत घ्यायला जातो. शेरीफ त्याला अडवतो, कारण डी पुरता माणूस नाही. तेव्हा म्हातारा दुकानदार मध्ये पडतो: लहानपणी व्हॅम्पायरांनी पळवलेल्या मुलांना याच डीने परत आणलं होतं, आणि त्या मुलांत तो स्वतः होता. दुकानदाराचं आयुष्य सरत आलं, डी मात्र होता तसाच तरुण. त्याचं एकटेपण यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. टोळीतल्या लैलाचं डीशी हळूहळू जुळत जाणारं नातंही असंच मोजक्या शब्दांत उभं राहतं.

दृश्यांची तर तुलनाच नको. आमानोंच्या चित्रांतली ती लांबसडक, नाजूक, जरा भयाण माणसं १९८५मध्ये बरीच सोपी, ठोकळेबाज झाली. इथे ती झगा फडकवत हलतात. जोडीला मार्को डी’अम्ब्रोसिओ यांचं भारदस्त वाद्यवृंदाचं संगीत आहे. मार्कस बंधूंना मात्र आणखी वेळ मिळायला हवा होता. एकदोघे ओळख होण्याआधीच संपतात.

मुलांना घेऊन बसू नका, रक्तपात दोन्हींत भरपूर आहे. भाषेचं म्हणाल, तर जुना जपानीत, उपशीर्षकांसह पाहा. ‘ब्लडलस्ट’चे संवाद मुळात आधी इंग्रजीत ध्वनिमुद्रित झाले होते, तेव्हा तो इंग्रजीत पाहिलात तर काहीच हरवत नाही.