सिमवाला टेबल फोन घ्यावा का? पावसाळ्यापासून वापरात आहे, सांगतो

गाव दारव्ह्याजवळ, घरी आई-बाबा दोघंच, मी पुण्यात. बाबांचा स्मार्टफोन कधी वावरातल्या झोपडीत राहायचा, कधी सायलेंटवर, अन् उचलायला बोट सरकवेपर्यंत कट. म्हणून हा सिम टाकायचा टेबल फोन पाठवला. रिसीव्हर, मोठी बटनं, मागं अँटेना, अगदी जुन्या लँडलाईनसारखा.

रिंग एक नंबर, गोठ्यातही ऐकू येते. अन् जागचा हलत नाही हे लय मोठं सुख. आत्या, मामा सगळे आता याच नंबरवर लावतात, जो घरी असेल तो उचलतो, मंग अर्धा तास सगळ्यांच्या ख्यालीखुशालीत जातो. कोणाचा फोन आला ते पहिल्यासारखं अख्ख्या घराले माहीत, हे सुनेला आवडेल का ते वेगळं 😄

रेंज खिडकीतच धरतो. ओटीपीचा मेसेज उघडेस्तोवर टाईम संपतो, ते काम मोबाईलवरच करा.

बॅटरीचं सांगतो. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला करंट एक्सचेंजातून यायचा, 48 व्होल्ट, घरची लाईट गेली तरी डायलटोन चालूच. हा तसा नाही. लाईट गेली तर दिवसभर काढतो, पण श्रावणात गावची डीपी (लाईटचा ट्रान्सफॉर्मर) जळाली अन् तिसऱ्या दिवशी हा पण बंद.

खरी कटकट रिचार्जची. दिसायला लँडलाईन, नियम सगळे मोबाईलचे. 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी शून्य लावावा लागतो, तो इथं नको, एवढीच सूट. 2003 मध्ये मोबाईलचं इनकमिंग फुकट झालं तेव्हा गावात काय खुशी होती, आता रिचार्ज संपलं की थोड्या दिवसांनी येणारे फोन पण बंद. बाबा म्हणतात, "मी तं कोणाले लावतच नाही, मंग पैसे कायचे?" काय सांगावं!

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं (फोन कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) नुसत्या कॉल-मेसेजचे पॅक देणं बंधनकारक केलं, 365 दिवसांपर्यंतचे, तोच मागा. दुकानवाला न विचारता डेटावालाच मारून देतो, अन् या डब्ब्यात डेटाचं करायचं काय?

घेताना 4जी व्होल्टीच घ्या, म्हणजे 4जी नेटवर्कवरूनच कॉल लागणारा, स्वस्तातल्या 2जीवाल्यात जिओचं सिम चालत नाही. अन् बॅटरी सुटी मिळते का ते आधीच विचारा, आमच्या मॉडेलची तालुक्यात मिळाली नाही, अमरावतीहून आणावी लागली.