पॅकेज नको, फक्त मॅडमची वेळ घ्या

या करिअर काउन्सेलिंगवाल्यांना पाचपैकी अडीच तारे देतोय. दोन तिथे सल्ला देणाऱ्या मॅडमचे आणि अर्धा तिथल्या गार पाण्याचा, कारण ऑगस्टच्या उकाड्यात इंदूरच्या भंवरकुआं चौकातल्या त्या इमारतीचे तीन मजले चढून गेलो होतो. लिफ्ट बंद.

माझं राजवाड्याजवळ चष्म्याचं दुकान आहे. लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, फिजिक्स-मॅथ्स-कॉम्प्युटर घेऊन. घरात कुठलंही कार्य निघालं की आमचे साडू विचारणार, "फिजिक्स करून पुढे काय, मास्तरीण?" शेवटी म्हटलं, जाणत्या माणसाला विचारू. नाव लिहीत नाही, पण त्या चौकात करिअर काउन्सेलिंगच्या पाट्या वाचत फिराल तर सापडेल.

4,500 रुपयांचं पॅकेज. आधी टॅबवर 140 प्रश्न. गर्दीत बोलायला आवडतं का, फुलं आवडतात की यंत्रं, असले. आठवड्याने 26 पानांचा रंगीत रिपोर्ट मिळाला, हिंदीत. चौदाव्या पानावर माझी लेक एकदम "बालक" झाली होती: "बालक में नेतृत्व के गुण हैं." म्हणजे कुणाचं तरी पान उचलून चिकटवलेलं. आमच्या धंद्यात दीड-दोन नंबरचे तयार चष्मे फुटपाथवर मिळतात. वाचायला चालतात, पण ज्याला सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेपुरता वेगळा नंबर आहे त्याने लावले की तासाभरात डोकं धरतं. हा रिपोर्ट तसलाच.

पहिल्या बैठकीला टायवाले एक सर होते. "फिजिक्स में स्कोप नहीं है अंकल, डेटा साइंस करवाइए." डेटा सायन्सचा कोर्स त्यांचाच, 85,000 रुपयांचा, ब्रोशर तयार. मी विचारलं, "और अपना कैट?" ते म्हणाले, "कैट का हमारा अलग बैच है, एमबीए वाला." मी लेकीकडे पाहिलं, ती टेबलाकडे पाहत होती. अहो, राजा रामण्णा केंद्र, अणुऊर्जा खात्याची इथली प्रयोगशाळा! इंदूरमधली आमच्या वयाची माणसं त्याला अजून जुन्या नावाने कॅटच म्हणतात. गावातच देशातला मोठा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल पळवून प्रकाश काढणारं यंत्र आहे आणि गावात करिअर विकणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

दुसरी बैठक मॅडमशी. त्या स्वतः फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या. अर्ध्या तासाची वेळ होती, सव्वा तास बसलो. रिपोर्ट त्यांनी उघडलाच नाही. विचारलं, "कुठलं प्रॅक्टिकल करताना वेळ कळला नाही?" लेक म्हणाली, स्पेक्ट्रोमीटरचं. सोडियमच्या दिव्याची पिवळी रेघ ग्रेटिंगमधून (रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच) दुसऱ्या ऑर्डरला, म्हणजे रंग जास्त फाकतात तिथे बघताना फुटून दोन झाल्या, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या; खोली बंद होईपर्यंत ती तिथेच होती. तीस वर्षं मी उजेडाच्याच धंद्यात, पण घरी हे कधी बोलली नव्हती.

मग मॅडमनी रिपोर्ट उलटा करून त्याच्या कोऱ्या पाठीवर एक वर्तुळ काढलं. इंडस-2, म्हणजे तोच सिंक्रोट्रॉन: घेर 172.5 मीटर, आत 2.5 जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. चुंबकाने वळवले की वळणावर प्रकाश टाकतात, चिखलातून जाणाऱ्या सायकलच्या चाकावरून शिंतोडे सुटतात तसा. तिथे वैज्ञानिक म्हणून जायचं तर एम.एस्सी. 60 टक्क्यांनी, मग बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) ट्रेनिंग स्कूलसाठी गेट परीक्षेचा स्कोअर आणि मुलाखत. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा: तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. फायनलला असतानाच देता येते. सिमरोलचं आयआयटीही त्यातूनच मुलं घेतं, म्हणजे डबा घरचाच.

कॅन्सर रुग्णालयातल्या मेडिकल फिजिसिस्टबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं. रेडिएशनचा डोस कुठे, किती, याचं गणित डॉक्टरांबरोबर बसून करणारा माणूस. एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा वर्षाचा डिप्लोमा, वर वर्षभर रुग्णालयात इंटर्नशिप. लेकीने इथे दोनदा प्रश्न विचारले. बी.एस्सी.वरच नोकरी हवी असेल तर एअर ट्रॅफिक कंट्रोल, विमानांची वाहतूक सांभाळणं: पदवीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही हवेत, वयाची साधारण अट 27, आवाजाचीही चाचणी घेतात. साडूंना हे ऐकवलं, सध्या गप्प आहेत. पेटंट ऑफिस, हवामान खातं, पीथमपूरच्या कारखान्यांत अल्ट्रासाउंडने वेल्डिंग तपासणं, हे मॅडमनी भराभर सांगून टाकलं. तिथे जरा थांबायला हवं होतं. डेटा सायन्सला नावं ठेवली नाहीत. पायथन कॉलेजात शिकतेच आहेस, त्यासाठी 85,000 कशाला, एवढंच म्हणाल्या.

मॅडम फक्त मंगळवारी आणि शनिवारी असतात. एकट्या त्यांची वेळ 1,200 रुपयांत मिळते. काउंटरवर आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं. मला हे पॅकेजचे पैसे भरल्यावर जिन्यात भेटलेल्या एका बाईंकडून कळलं. गाडी खाली लावू नका, उचलून नेतात.

"बालक" दुरुस्त करून नवा रिपोर्ट पाठवतो म्हणाले होते. तीन आठवडे झाले. वर्तुळ काढलेलं पान मात्र लेकीने फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.