अण्णांची कीर्तनं आणि मुठीत मावणारा कॅमकॉर्डर : नऊ महिन्यांनंतर

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. पंचवटीत आणि आसपासच्या देवळांत नारदीय कीर्तन करतात. एक कीर्तन दोन तासांचं: नमन, पूर्वरंगातलं निरूपण, मध्यंतरात बुक्का लावणं, मग उत्तररंगात आख्यान. हे सगळं नीट साठवून ठेवायचं, एवढ्या एकाच कामासाठी मी मेमरी कार्डवर चालणारा हा छोटा हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर ओळखीतून वापरलेला घेतला. रामनवमीच्या जरा आधी घेतला, आता मार्गशीर्ष चालू आहे. मधल्या काळात २३ कीर्तनं, एक रथयात्रा आणि नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या दोन फेऱ्या त्याने केल्या आहेत. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी मोबाइलवरच करत होते. वैशाखात सभामंडपात चाळीस मिनिटांत मोबाइल तापायचा आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद व्हायचं. एकदा ऐन आख्यानात फोन आला. शिवाय मागे बसून झूम केलं की अण्णांचा चेहराच ओळखू यायचा नाही, म्हणून पुढे जाऊन हात उंच धरून बसावं लागायचं. मग अण्णांचं लक्ष सारखं त्या हाताकडे.

कॅमकॉर्डरने हे सगळं सुटलं. मागच्या खांबाशी ट्रायपॉड लावायचा, अण्णा कमरेपासून वर दिसतील इतकं झूम करायचं, लाल बटण दाबायचं आणि इतरांसारखं कीर्तन ऐकत बसायचं. ऑप्टिकल झूम ३० पट आहे, भिंगानेच जवळ आणलेला, त्यामुळे चाळीस फुटांवरूनही कपाळावरचा बुक्का स्वच्छ दिसतो. डिजिटल झूम, म्हणजे चित्र नुसतं ताणून मोठं करणारा, मात्र पहिल्याच दिवशी मेन्यूतून बंद करून टाका. झूमची पट्टी हलक्या बोटाने दाबली की चित्र इतकं सावकाश जवळ येतं की बघणाऱ्याला कळतही नाही. श्रावणातल्या एका कीर्तनात सुदाम्याचे पोहे सांगताना अण्णांनी उपरण्याच्या टोकाने डोळे टिपले, तो क्षण मला असा मिळाला. फक्त त्या एका क्षणासाठीही मी हा कॅमेरा पुन्हा घेईन.

आता आवाज. इथे माझी खरी तक्रार आहे. कॅमेरा आवाजाची पातळी स्वतः ठरवतो आणि ते बंद करायची सोय माझ्या मॉडेलमध्ये नाही. झांज जोरात वाजली की तो पातळी खाली ओढतो, आणि झांज थांबल्यावर अण्णांचे पुढचे दोन-तीन शब्द दबलेले येतात. नेमके तेच शब्द, ज्यांच्यासाठी झांज थांबवलेली असते. बाहेरचा माइक लावायला जागाही नाही. शेवटी छोटा व्हॉइस रेकॉर्डर घेतला आणि पेटीशेजारी पाटावर ठेवायला लागले. सुरुवातीला तीन टाळ्या वाजवायच्या, मग घरी संगणकावर त्या टाळ्या जुळवून कॅमेऱ्याच्या आवाजाऐवजी रेकॉर्डरचा आवाज घालायचा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे शेवटाकडे ओठ आणि शब्द किंचित सुटतात. मी मध्यंतराला पुन्हा टाळ्या वाजवते आणि उत्तररंग वेगळा जुळवते. तुम्ही घेणार असाल तर माइकची जागा असलेलाच घ्या, बाकी दोन गोष्टी कमी असल्या तरी चालतील.

दुसरा दोष उजेडाचा. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, करंगळीच्या नखाहून लहान, त्यामुळे दिवसा अंगणात चित्र फार सुंदर येतं, पण संध्याकाळी काळ्या दगडाच्या सभामंडपात दोन ट्यूबलाइट आणि समई एवढ्यावर भिंतीभर दाणे वळवळतात. हल्लीचे चांगले मोबाइल इथे सरळसरळ पुढे आहेत. त्यातून अण्णांचं धोतर, अंगरखा, उपरणं सगळं पांढरं. मागची काळी भिंत बघून कॅमेरा चित्र उजळवायला जातो आणि पांढऱ्यावरच्या चुण्याच नाहीशा होतात. मी उजेड दोन पायऱ्या खाली करून ठेवते. रंगासाठी उपरणंच कॅमेऱ्यासमोर धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला सांगायची सोय) हाताने लावते, मग समईचा पिवळेपणा अंगावर येत नाही. गाभाऱ्याच्या बाजूला एक दिवा जास्त लावायला पुजारीकाका आता आनंदाने तयार असतात.

एक सूचना अमेरिकेतून नातेवाइकांकडून कॅमेरा मागवणाऱ्यांसाठी. आपली वीज ५० हर्ट्झची, तिकडची ६०. मैत्रिणीकडे तिकडचा कॅमकॉर्डर आहे, त्यात साध्या चोकच्या ट्यूबलाइटखाली सगळं चित्र लुकलुकतं. शटरचा वेळ सेकंदाच्या १/१०० ला बांधला की थांबतं, पण आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो. इथला ५० चा असेल तर हा प्रश्न येत नाही.

कार्डाबद्दल सविस्तर सांगते, कारण त्याने मला रडवलं आहे. हे कॅमेरे बहुतेक एव्हीसीएचडी पद्धतीने साठवतात, ती सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून २००६ मध्ये आणली. सेकंदाला १७ मेगाबिटच्या दर्जाला तासाला साडेसात जीबीच्या आसपास लागतात, म्हणजे ३२ जीबीत चार तास. रामनवमीच्या कीर्तनासाठी बाजारातून स्वस्तात ३२ जीबीचं कार्ड आणलं. कॅमेऱ्याने काही कुरकुर केली नाही, लाल दिवा दोन तास चालू होता. घरी येऊन बघते तर पूर्वरंग ठीक, आणि उत्तररंगात नुसते हिरवे-करडे चौकोन. कार्ड नकली होतं, आत खरी जागा आठ जीबीचीच. पुढच्या वर्षी तेच आख्यान अण्णा सांगतीलही, पण त्या दिवशी गळा लागला होता तसा लागेलच असं नाही. तेव्हापासून नवं कार्ड आणलं की आधी घरी ते काठोकाठ भरते, परत वाचून बघते, मगच देवळात नेते.

शिवाय ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून साधारण दर अर्ध्या तासाला कॅमेरा नवी फाइल सुरू करतो. दोन तासांचे चार तुकडे. ते संपादनात नुसते एकापुढे एक ठेवले तर सांध्यावर अर्धा शब्द गिळला जातो. माझ्याकडे अभंगाच्या चरणातच असं झालं. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने उतरवून घेतलं की तुकडे सलग जुळतात. कार्डातली सगळी फोल्डरं जशीच्या तशी कॉपी करा, आतल्या फाइली सुट्ट्या उचलू नका.

बाकीचं थोडक्यात. हातात धरून चित्र स्थिर राहतं, कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथाच्या गर्दीतही राहिलं. पण पडदा भर उन्हात दिसत नाही आणि डोळा लावून बघायची खिडकी नाही, रामकुंडावर दुपारी मी अंदाजानेच घेत होते. नांदूरमधमेश्वरला जांभळ्या पाणकोंबड्या छान मिळाल्या, आवाज मात्र सगळा वाऱ्याचा. फोटो काढायला मोबाइलच बरा. सोबतची बॅटरी तासाभरात संपते, मोठी घ्यावीच लागते. देवळात प्लग जवळ असेल तर मी अॅडॅप्टरवरच चालवते.

जुना घेताना पडदा दहा-बारा वेळा उघडमिट करून बघा, तिथली वायर आधी जाते. भिंगावरची झडप पूर्ण उघडते का, तेही बघा. आणि विकणाऱ्यासमोर बसून सलग अर्धा तास रेकॉर्ड करा, तिथेच चालवून बघा. मी बसले होते. त्यांच्या घरातले लोक चहा घेत गप्पा मारत होते, ती फाइल मी त्यांनाच देऊन आले.